कालिलोम्बे साहेबांचा कोरम

"किती झाले?" कालिलोम्बे साहेबांनी दारातूनच विचारलं.

"चार," मी म्हटलं. "त्यातले झिम्बा साहेब झोपलेत."

"झोपलेला माणूस चालतो, थोको. न आलेला चालत नाही."

असं म्हणून ते पुन्हा व्हरांड्यात गेले आणि फोन कानाला लावला. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. कोपरांवर झिजून चकाकणारा राखाडी सूट, आणि फोनवर बोलतानाही अदबीनं किंचित वाकलेली मान. समोरचा दिसत नसला तरी तो 'माननीय' आहे, हे त्यांची मान कधी विसरायची नाही.

"हो साहेब... कळतंय साहेब, प्रचार आहे... नाही साहेब, तसं नाही करता येणार. वाटेत असलेला सदस्य हजर कसा धरू? मी खुर्चीत बसलेली माणसं मोजतो, रस्त्यावरची नाही."

पलीकडून काहीतरी खरमरीत आलं असावं. साहेब म्हणाले, "आभारी आहे," आणि फोन खिशात टाकला. बोलणी खाऊन वर आभार मानणारा दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही.

फायसन कालिलोम्बे संसदेच्या आरोग्य समितीचे चिटणीस, आणि मी थोकोझिरे, त्यांची सहायक. बाहेरच्यांना वाटतं, संसद म्हणजे ते मोठं सभागृह, ती टेबलं बडवणारी माणसं आणि एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार. टीव्हीवर तेवढंच दिसतं ना! पण तीच माणसं आमच्या खोलीत आली की कोट काढून खुर्चीला लावतात आणि विचारतात, औषधाचा ट्रक कुठे अडकला? तिथे कॅमेरा नसतो, म्हणून पक्षही थोडा विसरतो. साहेबांचा या खोलीवर फार जीव. पण ही खोली चालायची तर सात माणसं लागतात. सात सदस्य बसल्याशिवाय कोरम नाही, अर्धा तास वाट बघायची, आणि नाही झाले तर उठायचं. साहेबांचं सगळं आयुष्य त्या सातव्या माणसाची वाट बघण्यात गेलं, असं म्हटलं तरी चालेल.

आणि त्या जुलैत तर निवडणूक दाराशी येऊन ठेपली होती. येत्या मंगळवारी सभागृहाची शेवटची बैठक, मग विसर्जन. सभागृह विसर्जित झालं की समित्या संपल्या, आणि समितीपुढे जे काही पडून असेल ते रद्दी. नवे सदस्य येणार, नवी समिती बसणार, वाटलं तर सगळं पहिल्यापासून सुरू करणार. न वाटलं तर कोण विचारतंय!

आमच्यापुढे पडून होता म्पालासाचा अहवाल.

म्पालासा सरोवराकाठी आहे. तिथलं आरोग्य केंद्र आसपासच्या बहुतेक गावांना लांब पडतं. म्हणून दिवस भरत आलेल्या बायका आधीच येऊन राहतात आणि कळा येईपर्यंत थांबतात. त्यांच्यासाठी एक घर मंजूर झालं. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर काही चढलं नाही. कागदावर मात्र घर पुरं झालेलं, ठेकेदाराचं बिलही निघालेलं. बायका त्या भिंतींच्या आडोशाला प्लास्टिक ताणून निजायच्या. तिथेच भर पावसात एस्नार्ट नावाच्या बाईची मुलगी बाळंत झाली, आणि बाळ सकाळपर्यंत टिकलं नाही.

समिती म्पालासाला गेली तेव्हा मीही होते. आंब्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या, खात्याचे अधिकारी सुटाबुटात, बायका जमिनीवर. एस्नार्ट साक्ष द्यायला उठली. साहेबांनी तिला शपथ दिली, आपण आपल्या आईशी बोलतो ना, तशा आवाजात. ती बोलायला लागली आणि खात्याचा माणूस मध्येच म्हणाला, "त्यांना असं म्हणायचंय की..."

"त्यांना काय म्हणायचंय ते त्यांना सांगू द्या," आमच्या अध्यक्षाबाई, मेबल नखुम्वा, कडाडल्या. "तुम्हाला बोलावलं की बोला."

आणि सत्ताधारी पक्षाचे गोंडवे साहेब, एरवी सभागृहात घसा फोडून ओरडणारे, ते हळूच म्हणाले, "आई, पाऊस आला की तुम्ही जायच्या कुठे?" मग एस्नार्टनं सगळं सांगितलं. गोंडवे साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

बसायच्या आधी ती आमच्या साहेबांकडे वळली. एवढे माननीय बसलेले, पण लिहून घेत होते ते हेच, म्हणून यांना विचारलं, "बाबा, मी बोलले ते कुणी पुसणार नाही ना? तुम्ही गाडीत बसून जाल. मला इथंच राहायचंय. ठेकेदार इथलाच, गावप्रमुख इथलाच."

"अहवालात येईल, बाई," साहेब म्हणाले. "एकदा सभागृहापुढे ठेवला की कुणाच्या बापाला पुसता येत नाही."

साहेबांच्या तोंडी 'बाप' मी पहिल्यांदा ऐकला. परतीच्या वाटेवर बसमध्ये सगळ्यांनी सरोवराचे तळलेले मासे घेतले, त्यांनी नाही घेतले. मला म्हणाले, "माणूस बोललं आणि नोंदलंच गेलं नाही, तर त्यापेक्षा न बोलणं परवडतं. ती आता उघडी पडली, थोको. अहवाल नाही झाला तर आपणच तिला उघडं पाडलं."

तो अहवाल तयार होता. फक्त सात माणसांनी एकत्र बसून तो मंजूर करायचा होता. आणि गुरुवारी आले चार.

शुक्रवारी सहा आले. सहा! साहेब नुसते नाचायचे बाकी होते. ते व्हरांड्यात जाऊन वाट बघत उभे राहिले. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. गोंडवे साहेब काही आले नाहीत आणि फोनही उचलेनात. त्याचं कारण आम्हाला माहीत होतं. तो ठेकेदार त्यांच्या पक्षाचा, त्यांच्या प्रचाराच्या गाड्या त्याच्याच. अहवालात त्याचं नाव होतं.

इतक्यात साहेबांचा फोन वाजला. "आले वाटतं!" म्हणत त्यांनी घाईनं कानाला लावला. ऐकत राहिले. मग "कळलं," एवढंच म्हणाले. आत आले, घड्याळाकडे पाहिलं, आणि अर्धा तास पुरा होईपर्यंत आपल्या खुर्चीत हात टेबलावर ठेवून बसून राहिले.

"मॅडम, वेळ झाली. कोरम नाही."

अध्यक्षाबाईंनी पेन आपटलं. सदस्य उठले, खुर्च्या सरकल्या, जो तो आपापल्या मतदारसंघाकडे पळाला. खोली रिकामी झाल्यावर साहेब कागद गोळा करत मला म्हणाले, "मी दोन दिवस नसेन, थोको. एनिफाताई गेली."

"अहो!" मी ओरडलेच. "मग तेव्हाच का नाही उठलात?"

"उठलो असतो आणि सातवा आला असता तर?"

मला रडू आलं आणि रागही आला.

एनिफाताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनंच पाठीवर बांधून यांना वाढवलं. आमच्यात घर असतं बहिणीचं, आणि त्या घराचा शब्द असतो तिच्या भावाचा. भाच्यांची लग्नं असोत, भांडणं असोत की मयत, मामा बोलल्याशिवाय पान हलत नाही. म्हणजे तिच्या मयताला हे नुसते पाहुणे नव्हते. मामा म्हणेल तेव्हा पेटी उचलायची, मामा म्हणेल तेव्हा माती द्यायची.

शनिवारी कचेरीची बस भरून आम्ही गावाला गेलो. ड्रायव्हरच्या मागे अहवालाच्या प्रतींचं खोकं शुक्रवारपासून तसंच पडलं होतं. उतरवून ठेवायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, आणि त्यावर पाय ठेवून मी अख्खा रस्ता काढला.

गाव माणसांनी फुललं होतं. बायका घरात, ताईभोवती बसून गात होत्या. पुरुष बाहेर झाडांखाली चटयांवर. मी कमरेला कापड गुंडाळलं, डोक्याला फडकं बांधलं आणि आत जायच्या आधी साहेबांना भेटायला गेले. ते ओसरीच्या पायरीवर बसले होते. कुणी हात हातात घेत होतं, कुणी नुसतं शेजारी बसून उठत होतं.

आणि गाड्यांवर गाड्या येत होत्या. मोठ्या, पांढऱ्या, धुळीनं माखलेल्या. निवडणुकीच्या तोंडावर आमच्याकडे कुठलाही पुढारी मयत चुकवत नाही. एवढी माणसं आयती एका जागी दुसरीकडे कुठे मिळणार? शिवाय साहेबांनी इतकी वर्षं ज्यांची भाषणं निस्तरली, ज्यांच्या चुका गपचूप दुरुस्त केल्या, त्या सगळ्यांना त्यांच्याविषयी माया होतीच. खोटं कशाला बोलू, माया होती. झिम्बा साहेब काठी टेकत आले. अध्यक्षाबाई आल्या, महागाच्या झग्यावर सुती कापड गुंडाळून. आणखी चौघे आले. सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, गोंडवे साहेब.

मी पाहिलं तर आमचे साहेब चटयांकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना म्हणताहेत बिचारे. मी जवळ गेले.

"...पाच, सहा," ते पुटपुटले, "सात."

"साहेब!"

"सात आहेत, थोको."

"साहेब, आत ताई आहे."

"माहितंय मला ताई कुठे आहे!" ते एकदम म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग स्वतःला सावरून उठले आणि अध्यक्षाबाईंकडे गेले. मी मागोमाग.

"मॅडम, एक विनंती होती. बैठक घेता येईल."

अध्यक्षाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "फायसन, वेड लागलंय का तुम्हाला? तुमच्या बहिणीचं प्रेत आत आहे."

"हो मॅडम. आणि कोरम बाहेर आहे."

"लोक काय म्हणतील?"

"मला म्हणतील. तुम्हाला नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सोमवारी कुणी येणार नाही, मॅडम. तुम्हालाही माहीत आहे. मंगळवारी ती म्पालासाची बाई संपली."

अध्यक्षाबाईंनी घराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "संसदेच्या आवाराबाहेर बसायचं तर सभापतींची परवानगी लागते."

"त्या उंच वारुळावर चढलात तर फोन लागतो."

आणि आमच्या अध्यक्षाबाई, एवढा मोठा देह, उंच टाचांच्या चपला हातात घेऊन त्या वारुळावर चढल्या. दोघींनी खालून रेटा दिला. वरून त्या ओरडत होत्या, "हो सभापती महोदय, मयताला... नाही, मस्करी नाही करत... चिटणीसांच्याच घरचं मयत!" शेवटी बाईंनी खाली बघून मान हलवली. मिळाली परवानगी.

पण गावात त्या दिवशी सभापतींचं राज्य नव्हतं. कबर खणणाऱ्यांचं होतं. आमच्याकडे मयताच्या दिवशी ते म्हणतील ती पूर्व. ते प्रमुखालाही दंड लावतात आणि प्रमुख मुकाट भरतो. त्यांचा म्होरक्या मासाउको, एरवी विटा भाजणारा आडदांड गडी, खांद्यावर फावडं टाकून आला.

"काय चाललंय? काय बाजार मांडलाय इथं?"

साहेबांनी त्याला सांगितलं. म्पालासाचं घर, बायका, पाऊस, बाळ. सगळं उभ्या उभ्या, चार वाक्यांत. मासाउको ऐकत होता. त्यानं मातीचा हात मानेवरून फिरवला.

"माझी बायको पण तसल्याच एका ठिकाणी महिनाभर पडून होती," तो म्हणाला. "बसा. पण दंड पडेल. मयतात दुसरं काम काढलं. माणशी एक कोंबडी."

"मी संसद सदस्य आहे," कुणीतरी म्हणालं.

"मग दोन."

हशा पिकला. मयतातही पिकतो, त्यात काही वावगं नाही. घरामागच्या झाडाखाली चटया टाकल्या, ड्रायव्हरनं खोकं आणलं, मी प्रती वाटल्या. सहा जण बसले. गोंडवे साहेब नव्हते.

ते गाडीकडे निघाले होते. साहेब त्यांच्या मागे जवळजवळ धावले, आणि साहेबांना धावताना पाहून मीही धावले. गाडी चार हात गेली आणि थांबली. रस्त्यावर आडवा ओंडका टाकलेला, त्यावर मासाउकोची दोन माणसं निवांत बसलेली.

"माती पडेपर्यंत कुणी जायचं नाही," त्यातला एक म्हणाला. "पाहुणे म्हणून आलात, आता पाहुणे म्हणून थांबा."

गोंडवे साहेब उतरले. चेहरा लाल. "कालिलोम्बे, ही तुझी चाल आहे काय?"

"नाही साहेब. ही गावची रीत आहे, तुमच्याही गावची. मी तर म्हणेन, ओंडका काढा." आणि खरोखरच त्यांनी त्या दोघांना हातानं खूण केली. ते उठेनात, तेव्हा साहेब स्वतः ओंडक्याला हात घालायला वाकले. "साहेब, तुम्हाला अडवून मोजलं तर तो कोरम नाही. जायचं असेल तर जा."

मी कपाळावर हात मारून घेतला. सातवा माणूस हातात आलाय आणि हे त्याला वाट करून देताहेत!

गोंडवे साहेब उभेच राहिले. "मी त्या अहवालाला हो म्हणू शकत नाही. तुला माहीत आहे का म्हणू शकत नाही ते."

"मग नाही म्हणा. बसा आणि नाही म्हणा. तुमचा विरोध तुमच्या शब्दांत लिहून घेईन, काना-मात्रा बदलणार नाही. समिती त्यासाठीच असते ना, साहेब?" साहेबांचा श्वास लागला होता. "तुम्ही आज माझ्या सांत्वनाला आलात. लिफाफा आणला असेल, तो नको मला. ताईला शेवटचं बघायचं सोडून मी इथे तुमच्यापुढे उभा आहे. मला काही द्यायचं असेल तर तेवढं बसणं द्या."

मागे घरातून बायकांचं गाणं येत होतं. गोंडवे साहेबांनी गाडीचं दार आपटलं आणि ते माघारी वळले. चटईवर येऊन बसले ते पाठ करून. पण बसले.

"सात," साहेब म्हणाले. "मॅडम, कोरम आहे."

अहवाल परिच्छेदागणिक वाचायचा असतो. मी वाचत गेले, बाई "मान्य?" विचारत गेल्या, माना हलत गेल्या. एस्नार्टची साक्ष आली तेव्हा झिम्बा साहेबही टक्क जागे होते. मग ठेकेदाराचा परिच्छेद आला आणि गोंडवे साहेब वळले.

"माझा विरोध नोंदवा," ते म्हणाले, आणि सुरू झाले. ठेकेदाराची बाजू, वाहतुकीचा खर्च, पत्रे मिळत नव्हते, अमुक होतं, तमुक होतं. साहेब मांडीवर वही घेऊन लिहीत होते. उन्हं उतरायला लागली. जुलैतला, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यातला, तो कोरडा, गार वारा सुटला होता. घरातलं गाणं हळूहळू बारीक होत गेलं आणि थांबलं.

मासाउको कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. "मामा, उन्हं कलली. झाकण लावायचंय. तुम्ही या."

साहेबांनी मान वर केली नाही. फक्त डावा हात उचलला. "सदस्य बोलताहेत."

"साहेब, तुम्ही जा. मी घेते लिहून," मी कुजबुजले.

"मी त्यांना शब्द दिलाय. तू नाही."

मासाउकोच्या मागे खणणारे जमले होते. त्यांच्या मागे भाचे, गावातले म्हातारे, आमच्या कचेरीची माणसं, आणि दारातून बाहेर आलेल्या बायका. कुणी रागानं बघत नव्हतं. नुसते उभे होते. गोंडवे साहेबांची नजर त्यांच्यावर गेली आणि जीभ अडखळली.

"...आणि सबब, या बाबतीत ठेकेदाराला... जाऊ दे. एवढंच. राहू दे बाकीचं."

"साहेब, वाक्य अर्धं राहिलंय," कालिलोम्बे साहेब म्हणाले.

"राहू दे म्हणतो ना मी! जा तू आत!"

"अर्धं वाक्य अहवालात जात नाही, साहेब. तुमचंच नुकसान होईल. सावकाश सांगा."

गोंडवे साहेबांनी चष्मा काढला. गळा साफ केला. "ठेकेदाराला," ते म्हणाले, आणि चष्मा पुसला, "दोष देण्याआधी त्याचंही ऐकून घ्यायला हवं होतं. पण घराला छप्पर नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. पूर्णविराम."

साहेबांनी पूर्णविराम दिला. वाचून दाखवलं. गोंडवे साहेबांनी मान हलवली, बाईंनी अहवाल मताला टाकला. सहा विरुद्ध एक. मंजूर.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. मंगळवारी अध्यक्षाबाईंनी अहवाल सभागृहाच्या मेजावर ठेवला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. पण तो आता तिथे आहे, एस्नार्टच्या शब्दांसकट आणि गोंडवे साहेबांच्या विरोधासकट. म्पालासाला छप्पर चढलं ते नव्या समितीनं खात्याला दोनदा बोलावून तोच अहवाल पुढे ठेवल्यावर, आणि तोवर आणखी एक पावसाळा बायकांनी प्लास्टिकखालीच काढला. गोंडवे साहेब निवडणूक हरले. त्यांना प्रचाराला गाड्या मिळाल्या नाहीत म्हणे.

पण त्या संध्याकाळी हे काहीच माहीत नव्हतं. साहेब उठले तेव्हा बसून बसून त्यांचे पाय आखडले होते. मी हात दिला. त्यांनी पेनाला टोपण लावलं, वही माझ्याकडे दिली आणि गर्दीतून वाट काढत घरात गेले. बाई म्हणून मलाही आत जाता आलं.

ताई पेटीत होती, निळ्या कापडात. तोंड उघडं ठेवलं होतं, आणि तिच्या बाजूच्या बायका सरकून साहेबांना जागा करत होत्या. ते गुडघ्यांवर बसले. सुटाच्या बाहीनं त्यांनी तिच्या कपाळावरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती, पण पुसली.

"ताई," ते म्हणाले, "फार वेळ लावला गं मी."

मासाउको झाकण धरून उंबऱ्याशी उभा होता. मामानं 'उचला' म्हटलं की झाकण लागणार होतं. मामा काही म्हणेना. त्यांचे खांदे हलायला लागले, मग ते हुंदके देऊन रडायला लागले, लहान पोरासारखे, सगळ्यांच्या देखत. एका म्हातारीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कुणी त्यांना घाई केली नाही.

मी डोळे पुसत दाराकडे पाहिलं. बाहेर उन्हं जवळजवळ गेली होती. अंगणात सातही जण ओळीनं उभे होते, अध्यक्षाबाई चपला हातात घेऊन, झिम्बा साहेब काठीवर रेलून, गोंडवे साहेब हॅट छातीशी धरून. रस्त्यावरचा ओंडका मासाउकोच्या माणसांनी केव्हाच बाजूला केला होता आणि त्यांच्या गाड्यांची तोंडं राजधानीकडे होती. पण कुणी फोन बघत नव्हतं, कुणी घड्याळ बघत नव्हतं. कालिलोम्बे साहेब उठेपर्यंत ते तसेच थांबले.